मामा, तुमचं टायमिंग किती सुधारलं?

मागच्या उन्हाळ्यात उपासना संपल्यावर मंडळीतल्या दोघा वडीलधाऱ्यांनी मला दाराशीच गाठलं. दानाचे पैसे अजून मोजायचे होते, बायका सतरंज्या गुंडाळत होत्या. म्हणाले, "तुमच्या भाच्याला जरा समजवा. तीन महिने झाले, पोरगं चर्चमध्ये दिसलं नाही." माझे मेहुणे लवकर गेले, त्यामुळे या पोराला समजवायचं खातं कायमचं माझ्याकडे आहे. मी "हो" म्हणालो. नाही कसं म्हणणार? संडे स्कूल मीच घेतो.

पोरगं कुठं असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोलीस भरती. मराठवाड्यातल्या माणसाला हे उलगडून सांगायला नको. पहाटे साडेचारला कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर गाडी काढा, हेडलाइटच्या उजेडात पळणारी पोरं-पोरी दिसतातच. शेत दोन एकर, त्यात भाऊ तीन, पाऊस बेभरवशाचा आणि कापसाच्या भावाचं तर बोलूच नका. मग उरतं काय? भरती. मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यात पोरांना १६०० मीटरचे २० गुण. लेखी परीक्षा त्याच्या नंतर. १६०० मीटर म्हणजे चारशे मीटरचे चार राऊंड, आणि त्यात काही सेकंद घसरले की गुण गेले, गुण गेले की मेरिट गेलं.

तर एका रविवारी चर्चच्या आधी मी मैदानावर गेलो. जालन्यात मे महिन्यात पहाटेची तेवढी एकच वेळ माणसासारखी असते. चुन्यानं आखलेला ट्रॅक, पंचवीस-तीस पोरं, आणि कडेला खुर्ची टाकून बसलेले एक निवृत्त सुभेदार. त्यांच्या गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच. आमचे चिरंजीव शेवटचा राऊंड मारून गुडघ्यावर हात ठेवून वाकलेले. दम खाऊन झाल्यावर त्यानं पिशवीतून एक डायरी काढली. कुठल्याशा मेडिकलवाल्यानं फुकट दिलेली, कव्हर फाटलेली. त्यात लिहायला लागला. मी डोकावलो.

"१६०० : ५.४१. झोप ६ तास. पहिला राऊंड जोरात गेला. तिसरा राऊंड ढिला."

मागची पानं उलटली. रोजचं असंच. सकाळी काय खाल्लं, किती वाजता झोपला, कुठल्या दिवशी मित्राच्या हळदीला गेला आणि त्याचा दुसऱ्या दिवशी काय परिणाम झाला. आठ महिन्यांत एक पान कोरं नव्हतं.

मी मुद्द्यावर आलो. "चर्चला काऊन येत नाहीस रे?"

तो म्हणाला, "मामा, तुम्ही किती वर्षांपासून येऊ राहिले चर्चला?"

"जन्मल्यापासून. बावन्न वर्षं झाली."

"मग तुमचं टायमिंग किती सुधारलं?"

बाजूची दोन पोरं फिस्सकन हसली. कानफटात द्यावी असं क्षणभर वाटलं, खोटं कशाला सांगू. पोरगं उद्धट नाही. त्यानं खरोखरच विचारलं होतं, हे मला घरी जाताना गाडीवर कळलं, आणि त्यानं जास्त लागलं.

आता थोडं मागचं सांगतो. आमच्या भागात ख्रिस्ती माणूस म्हटलं की अजूनही काही जण "कधी झालात?" असं विचारतात, जणू मागच्या आठवड्यात सिम बदललं. ख्रिस्ती धर्मगुरू नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा १८४३ चा. स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे ते पुढं इकडं आले आणि निजामाच्या मुलखात जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. आमच्या घरात विश्वास आला तो पणजोबांच्या वेळी. त्यांनी त्याची किंमत मोजली होती. भावकीनं विहिरीवर पाणी भरू दिलं नव्हतं, असं आजी सांगायची. मला मात्र सगळं आयतं मिळालं. विश्वास मला घराच्या सातबाऱ्यासारखा वारसा हक्कानं लागला. आणि वारशात आलेल्या जमिनीचं जे होतं तेच झालं. विकली नाही, पण कसलीही नाही.

येशूचा प्रेषित पौल, त्याचा बायबलमधला शर्यतीचा उतारा मी संडे स्कूलमध्ये कितीतरी वेळा शिकवलाय. करिंथकरांस पहिलं पत्र, नववा अध्याय. शर्यतीत पळतात सगळे, पण बक्षीस एकालाच, तर असं पळा की तुम्हाला मिळेल. पौल हे कोणाला लिहितोय? करिंथच्या लोकांना. त्यांच्या गावाजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियाचे खेळ भरायचे. ऑलिंपियाच्या खालोखाल ज्यांचं नाव होतं त्यांतले ते. पौल त्या शहरात दीड वर्ष राहिलेला, तंबू शिवून पोट भरलेला माणूस. जिंकणाऱ्याला तिथं काय मिळायचं? पाइनच्या डहाळ्यांचा नाहीतर सेलरीच्या पाल्याचा मुगुट. सेलरी म्हणजे कोथिंबिरीच्या कुळातलीच. दुसऱ्या दिवशी जुडी सुकते तसा तो मुगुट सुकायचा. म्हणून पौल म्हणतो, ते नाशवंतासाठी एवढं करतात, आपण तर अविनाशी मुगुटासाठी पळतो.

एकदा हे शिकवताना चौथीतली एक पोर हात वर करून म्हणाली, "सर, अविनाश साबळेचा मुगुट?"

वर्ग हसला, मीही हसलो. पण त्या पोरीनं नकळत माझा धडा जमिनीवर आणला. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा पोरगा. बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनची थंडी बघितली, राजस्थानचं वाळवंट बघितलं, आणि शर्यतीत पळायला लागला तो सैन्यात गेल्यावर. त्याचा प्रकार स्टीपलचेस. तीन हजार मीटर, अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरची उडी. साध्या हर्डल्समध्ये पाय लागला तर हर्डल आडवं पडतं आणि तुम्ही पुढं जाता. स्टीपलचेसचा अडथळा पडत नाही. जवळजवळ तीन फूट उंच, जाडजूड लाकडी तुळई. पाय अडकला तर पडायचं तुम्हीच. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला रौप्य मिळालं, वेळ ८ मिनिटं ११.२० सेकंद. सुवर्ण जिंकणारा केनियाचा किबिवॉट ८ मिनिटं ११.१५. फरक पाच शतांश सेकंदाचा. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

आमच्याकडे या उताऱ्यावर जे संदेश होतात त्यांच्याबद्दल माझी तक्रार आहे, आणि आज ती बोलून टाकतो. बाहेरून आलेले वक्ते माइक हातात घेऊन सांगतात, देवाच्या लेकरा, तू विजेता आहेस, विजय तुझाच आहे, टाळ्या वाजवा. लोक वाजवतात. मीही वाजवल्यात. पण पौलाच्या त्या चार ओळींत मुक्काम आहे तो टाळ्यांच्या आधीच्या भागात. स्पर्धेत उतरणारा प्रत्येक जण सगळ्या बाबतीत स्वतःला आवरतो, असं तो म्हणतो. सगळ्या बाबतीत. म्हणजे झोपेत, खाण्यात, हळदीला जाण्या-न जाण्यात. आणि पुढं म्हणतो, मी वाऱ्याशी मुष्टियुद्ध करत नाही, मी माझ्या शरीराला राबवतो. म्हणजे पौल भाच्याच्या त्या फाटक्या डायरीबद्दल बोलत होता. मी इतकी वर्षं त्याचा अर्थ पोडियमवरचा फोटो असा लावत होतो.

आणि वाऱ्यातले ठोसे म्हणाल तर त्यात मी नंबर काढीन. रात्रीची कुटुंबप्रार्थना : टीव्हीचा आवाज फक्त कमी केलेला, एक डोळा मोबाईलवर, "प्रभू, आम्हा सर्वांना सांभाळ, आमेन". चाळीस सेकंद. बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याच्या तिसऱ्या अध्यायात लावदिकीयाच्या मंडळीला सांगितलंय, तू थंड नाहीस, गरम नाहीस, तू कोमट आहेस, तुला ओकून टाकीन. हे वचन परदेशी माणसाला समजवावं लागत असेल. आमच्या बसस्टँडवर कोणी कोमट चहा दिला तर काय होतं ते मी पाहिलंय.

सुभेदारसाहेबांशी नंतर माझी ओळख वाढली. ते वारकरी, माळकरी माणूस. त्यांना मी विचारलं, तिसरा राऊंड ढिला म्हणजे काय? म्हणाले, पहिला राऊंड सगळेच मारतात, अंगात वारं भरलेलं असतं. दुसरा त्याच जोरावर निघतो. चौथ्यात शेवट दिसतो, म्हणून मेलेलं माणूससुद्धा पळतं. तिसऱ्यात काहीच नसतं. सुरुवातीचा जोश संपलेला, शेवट अजून दिसत नाही, बघणाऱ्यांचंही लक्ष नसतं. "भरती तिथं जाते, सर."

मी बावन्न वर्षांचा. सोळाव्या वर्षी दृढीकरण झालं, म्हणजे मंडळीसमोर स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल केला, तेव्हा रडलो होतो, चार मित्रांना घेऊन खेड्यापाड्यांत गाणी म्हणत फिरलो होतो. आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांची प्रार्थना ऐकली की कळतं, त्यांना शेवट दिसतोय आणि ती जोरात पळतायत. मधले आम्ही सगळे, ज्यांचे हप्ते चालू आहेत, पोरं बारावीला आहेत, मंडळीच्या कमिटीत भांडणं आहेत, आम्ही तिसऱ्या राऊंडमधले. गलतीकरांना पौलानं विचारलं होतं, तुम्ही चांगले पळत होता, तुम्हाला कोणी अडवलं? मला तर कोणी अडवलंसुद्धा नाही.

इथंच थांबलो असतो तर ही पोस्ट सोपी झाली असती : पोरांकडून शिका, पहाटे उठा, वगैरे. पण भाच्याच्या त्या टायमिंगच्या प्रश्नात एक गडबडही आहे आणि ती मला महिनाभर सापडत नव्हती. आमच्या मंडळीत एक आजी आहेत. लिहिता-वाचता येत नाही. चर्च झाडतात, आजाऱ्याच्या घरी भाकरी पोचवतात, आणि कधी कोणाला काही सांगत नाहीत. त्यांचं टायमिंग कोण मोजणार? आणि मोजलंच तर कोणाशी तुलना करून? मैदानावर दहा जागांसाठी हजार पोरं पळतात, एक आत आला की दुसरा बाहेर जातो. आजींना मुगुट मिळाला म्हणून माझा कमी होत नाही. पौलाची उपमा इथवरच चालते, पुढं ओढली की तुटते.

लूकच्या पंधराव्या अध्यायातली, बापाच्या इस्टेटीचा वाटा उडवून घरी परतणाऱ्या उधळ्या मुलाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मीही शेकडो वेळा सांगितलीय. पण त्यात धावतं कोण, हे मला आत्ता या सगळ्या पळापळीत दिसलं. पोरगा चालत येतो. पाय ओढत, मनात भाषणाची तयारी करत. धावतो तो बाप. म्हातारा माणूस, घरचा मालक, तो पोराला लांबून बघून धावत सुटतो. आमच्या खेड्यात आजही साठीचा पाटील रस्त्यानं पळाला तर लोक दारात येऊन बघतील. विश्वासातली पहिली धाव आपली नसतेच. हे विसरून नुसत्या डायऱ्या भरल्या तर माणूस त्याच गोष्टीतला, घरी राबत राहिलेला थोरला भाऊ होतो. सगळा हिशेब चोख, आणि घराबाहेर उभा.

मग रविवारचं काय? वडीलधाऱ्यांना मी काय सांगणार होतो? इथं मला एरिक लिडल आठवला. स्कॉटिश माणूस, म्हणजे आमच्याकडे शास्त्र घेऊन आलेल्यांच्या देशातला. आईबाप चीनमध्ये मिशनरी, जन्म तिथलाच, १९०२ चा. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर ही त्याची हातखंडा शर्यत, पण प्राथमिक फेरी रविवारी आली. त्यानं महिनोन्‌महिने आधीच सांगून टाकलं, रविवार देवाचा, त्या दिवशी मी पळणार नाही. ४०० मीटरची तयारी केली आणि ४७.६ सेकंदांत सुवर्ण जिंकलं. २०० मीटरला कांस्य. पुढच्या वर्षी तो चीनला गेला, शिक्षक-मिशनरी म्हणून.

आमचे वक्ते गोष्ट इथं संपवतात. खरी गोष्ट पुढं आहे. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या छावणीत डांबलं. तिथं शेकडो परदेशी कुटुंबं, बरीचशी पोरं आईबापांपासून तुटलेली. लिडल त्यांना विज्ञान शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा, पण रविवारी नाही. एका रविवारी पोरांनी पंचाविना हॉकी खेळली आणि मारामारी झाली. छावणीतून वाचलेल्यांनी सांगून ठेवलंय, की त्यानंतरच्या रविवारी लिडल स्वतः पंच म्हणून मैदानात उतरला. ज्यानं ऑलिंपिकच्या पदकासाठी रविवार मोडला नाही, त्यानं भांडणाऱ्या पोरांसाठी मोडला. २१ फेब्रुवारी १९४५ ला मेंदूतल्या गाठीनं तो त्याच छावणीत गेला. वय ४३.

मी या दोन रविवारांवर बराच विचार केला. पहिल्या रविवारी त्यानं नियम पाळला तो स्वतःच्या पदकाविरुद्ध, दुसऱ्या रविवारी सोडला तो दुसऱ्याच्या पोरांसाठी. दोन्ही वेळा नुकसान त्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं. आम्ही बहुतेक वेळा उलटं करतो : नियम दुसऱ्याच्या पोराला लावतो आणि सूट स्वतःला घेतो. मी भाच्याला समजवायला गेलो तेव्हा तेच करत होतो.

शहाणपण आणि झोकून देणं ही दोन वेगळी कामं आहेत, असं आमच्याकडे समजतात. तरुणांनी झोकून द्यायचं, म्हाताऱ्यांनी शहाणपण सांगायचं. पण येशू लूकच्या चौदाव्या अध्यायात, जिथं सगळं सोडून माझ्यामागं या म्हणतो, तिथंच बुरुज बांधणाऱ्याचं उदाहरण देतो. आधी बसून खर्चाचा हिशेब करा. पाया घालून पैसे संपले तर लोक हसतील. आमच्या गावोगाव गज वर उघडे पडलेली घरं उभी आहेत, त्यामुळे हेही आम्हाला वेगळं समजवायला नको.

भाच्याचा हिशेब चुकला तो ऑगस्टमध्ये. टायमिंग ५.२० वर आलं होतं, हाव सुटली. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पळायला लागला, तेही डांबरी रस्त्यावर, तळ झिजलेल्या बुटांत. नडगी दुखायला लागली. कोणीतरी सांगितलं म्हणून गोळी खाऊन पळाला. मग एक दिवस पाय टेकवेना. त्या वेळी मी सुभेदारसाहेबांना रागावलेलं पहिल्यांदा पाहिलं. "गोळी खाऊन पळतोस म्हणजे अंग तुला जे सांगू राहिलं, त्याचं तोंड दाबतोस. तीन आठवडे बंद. आणि त्यानंतर आठवड्यातून एक दिवस पूर्ण आराम, नाहीतर मैदानावर येऊ नको."

पोरगं रडलं. पळता येत नाही म्हणून रडलं. पण थांबलं. मला वाटतं त्या सगळ्या महिन्यांतलं सगळ्यात अवघड काम त्यानं त्या तीन आठवड्यांत केलं. डायरीत तेही लिहायचा : "आराम. दुखणं कमी. मन लागत नाही."

आरामाचा दिवस त्यानं रविवार निवडला. माझ्या समजवण्याचा त्यात काडीचा वाटा नाही. रविवारी आई मटण करते, हे खरं कारण असावं. वडीलधारे मला येऊन म्हणाले, "बघा, तुमच्या शब्दाला मान दिला पोरानं." मी गप्प बसलो. जे पाळकसाहेबांना, मला आणि अख्ख्या कमिटीला जमलं नाही ते एका नडगीनं केलं.

भरतीत त्याचं झालं नाही. मैदानावर चांगलं निघालं, लेखीला थोडक्यात राहिला. पुन्हा पळतोय. रविवारी मागच्या बाकावर बसतो आणि संदेश लांबला की पेंगतो. मी बघून न बघितल्यासारखं करतो. आठवड्यात सहा दिवस साडेचारला उठणाऱ्याला तेवढा हक्क आहे.

मीही एक डायरी केलीय, त्याच मेडिकलवाल्याकडून मागून आणून. कोणाला सांगितलं नव्हतं. पहाटे पाचला उठून एक अध्याय वाचायचा, प्रार्थनेत एका माणसाचं नाव घ्यायचं, ज्याच्याशी बोलणं बंद आहे अशा कोणाला तरी फोन करायचा, आणि लिहायचं. पहिला महिना पानं भरभरून लिहिली. दुसऱ्यात जरा कमी. नंतर शाळा सुरू झाली, मंडळीची निवडणूक आली, सख्ख्या भावाला करायचा फोन आज करू उद्या करू म्हणत राहून गेला. सोळा पानं सलग कोरी.

परवा भाचा घरी आला होता. मी आत चहा टाकत होतो, तो टेबलाशी बसून काहीतरी चाळत होता. गेल्यावर बघितलं तर डायरी उघडी, आणि त्या कोऱ्या पानांपैकी एकावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं :

"मामा, तिसरा राऊंड ढिला."